सोफ्याच्या वरची भिंत

मुंबईत नवा फ्लॅट सजवताना चित्राचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी फॉल्स सीलिंग, मग मॉड्युलर किचन, मग वॉर्डरोब, मग पडदे. तोवर खर्च ठरल्यापेक्षा बराच वर गेलेला असतो, घरात दोन-तीन भांडणं होऊन गेलेली असतात आणि वास्तुशांतीचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "सोफ्याच्या वर काहीतरी पाहिजे ना?" त्या 'काहीतरी'साठी जे पैसे उरतात, त्यांवर माझ्यासारख्या चित्रकारांचा धंदा चालतो. निदान चालायचा.

मी मुलुंडला राहते, तेलरंगात काम करते. जी. डी. आर्ट झाल्यावर शाळेत कलाशिक्षिकेची नोकरी मिळत होती, ती घेतली नाही. संध्याकाळी घरीच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे क्लास घेते. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक मुलांना पाठवतात, मुलं तांब्या आणि दोन वांग्यांचं स्थिरचित्र काढतात, आणि माझं वीजबिल भरलं जातं. चित्रं सकाळी. गॅलरीतल्या उजेडात, म्हणजे घराच्या गॅलरीतल्या. दुसऱ्या प्रकारच्या गॅलरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करून तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबणारे माझे मित्र आहेत. समूह-प्रदर्शनात मीही भिंत घेतली आहे. लोक येतात, "सुंदर!" म्हणतात, अभिप्रायाच्या वहीत सही करतात आणि समोसा खायला जातात. एखादं चित्र विकलं गेलं तर हॉलचं भाडं आणि टेम्पो सुटतो.

खरी विक्री व्हायची ती इंटिरिअर डिझायनरांमार्फत. भांडुप, कांजूर, विक्रोळीला कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यातल्या बऱ्याच घरांत माझी चित्रं गेली. डिझायनर फोनवर भिंतीचा फोटो आणि सोफ्याच्या कापडाचा रंग पाठवायचा, मी दोन-तीन चित्रं सुचवायचे, त्यातलं एक जायचं. डिझायनरचं कमिशन ठरलेलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. गिऱ्हाईक तो आणतो.

मग एका डिझायनरने माझ्या चित्रांच्या फोटोंना उत्तर म्हणून एक पीडीएफ पाठवली. "ताई, पार्टीला हे आवडलंय. तुम्ही या रेटच्या जवळपास येऊ शकता का?" चीनहून चित्रं आणणाऱ्या भिवंडीच्या एका आयातदाराचा शंभरेक पानांचा कॅटलॉग होता. निळ्या-करड्या रंगाचे अमूर्त पट्टे आणि त्यावर सोनेरी वर्ख, पावसातली पॅरिसची छत्री, डोळे मिटलेला बुद्ध, राधाकृष्ण, आणि अर्थातच धावणारे सात घोडे. प्रत्येकाखाली 'हँडपेंटेड ऑइल ऑन कॅनव्हास' आणि मापाप्रमाणे दर. चोवीस बाय छत्तीस इंच, फ्रेमशिवाय, ३,५०० रुपये. त्याच मापाच्या चित्राचे मी २८,००० सांगितले होते.

पहिल्यांदा राग आला, मग उत्सुकता वाटली. साडेतीन हजारात हाताने रंगवलेलं तैलचित्र चीनमधून निघून, जहाजाने न्हावाशेवाला उतरून, गोडाऊनचं भाडं आणि डिझायनरचं कमिशन सोसून माझ्याशी स्पर्धा कसं करतं, हे मला बघायचंच होतं. त्या डिझायनरकडूनच पत्ता घेतला आणि भिवंडीला गेले.

भिवंडीची गोडाऊनं ज्यांनी बघितली आहेत त्यांना तो चिखल, ते कंटेनर आणि ते पत्र्याचे शेड वेगळे सांगायला नकोत. आत मात्र लख्ख. एका बाजूला कृत्रिम बोन्साय, दुसऱ्या बाजूला भिंतीवरची घड्याळं, आणि मागे लोखंडी रॅकवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चित्रांची भेंडोळी. मालक सज्जन होता. मी चित्रकार आहे हे सांगितल्यावर त्याने चहा मागवला आणि पोराला सांगितलं, "मॅडमला काय पाहिजे ते खोलून दाखव."

पोराने एकाच बुद्धाची बरीच चित्रं टेबलावर पसरली. मी एकेक शेजारी ठेवून बघत बसले. एकाची भुवई जरा वर, एकाच्या ओठाला सावली जास्त, एकाचा कान घाईत उरकलेला. म्हणजे ती खरोखरच हाताने केलेली होती. पाठीमागच्या आकाशात निळ्यातून करड्यात जाणारी छटा तर अशी अलगद उतरवली होती की मला हेवा वाटला. रोज तेच आकाश रंगवणाऱ्या माणसाचा हात तयार असतो.

ही चित्रं येतात त्या गावाचं नाव चित्रकारांच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. शेनझेन शहरातलं दाफेन. १९८९ साली ह्वांग ज्यांग नावाचा हाँगकाँगचा एक व्यापारी थोडेसे कारागीर घेऊन तिथे आला, कारण भाडं कमी होतं आणि हात स्वस्त होते. परदेशी दुकानांच्या ऑर्डरी मिळत गेल्या आणि जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत हजारो चित्रकार जमले. मोठी ऑर्डर असली की काम वाटलं जातं. एकजण सगळ्या कॅनव्हासवर आकाश रंगवत जातो, दुसरा झाडं, तिसरा माणसं. पैसे नगावर. २००८ च्या मंदीत परदेशातल्या ऑर्डरी आटल्या तेव्हा त्यांचेही हाल झाले आणि त्यांनी चीनमधल्याच नव्या घरांकडे मोर्चा वळवला. तिथले काहीजण आता स्वतःची चित्रं काढतात आणि विकायला धडपडतात. हे वाचल्यापासून माझ्या रागाला जागाच उरली नाही. व्हॅन गॉगची सूर्यफुलं नगावर रंगवणारा तो माणूस आणि तांब्या-वांगी शिकवणारी मी, आमच्यात फार अंतर नाही.

पण त्याच गोडाऊनमध्ये दुसरा एक प्रकार बघितला, त्याचा मात्र राग आला. वरच्या रॅकवरचे सात घोडे 'हँडपेंटेड' म्हणूनच ठेवले होते. मी कॅनव्हास खिडकीशी नेऊन तिरका धरला. घोड्यांच्या अंगावर ब्रशचे जाड फटकारे होते, पण ते रंगांच्या कडांशी जुळत नव्हते. फटकारा घोड्याच्या मानेवरून सुरू होऊन थेट धुळीत उतरत होता, आणि रंग मात्र मान संपली तिथे नेमका बदलत होता. पिशवीतून भिंग काढलं (माझ्या पिशवीत असतं, दाणेदार कागद बघायला). आत शाईचे बारीक ठिपके. मशीनवर छापलेला कॅनव्हास आणि त्यावर ब्रशने फासलेली पारदर्शक जेल. मालकाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "जेल तो हाथ से ही लगाते हैं ना, मॅडम."

ही युक्तीही जुनीच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, तेव्हा दगडावरून एकावर एक रंग छापून वर वार्निश दिलं जायचं, म्हणजे चित्र तैलचित्रासारखं चमकावं. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या त्या अशा. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि तोट्यात जाऊन शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. म्हणजे स्वस्त चित्रांच्या धंद्यात खुद्द रविवर्म्यांनाही हात पोळून घ्यावे लागले. माझ्या काकांचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं. लालबागला दुकानांच्या पाट्या आणि मंडळांचे फलक रंगवायचे. देवनागरीचं वळण असं की लोक रस्त्यात थांबून बघायचे. फ्लेक्सचं मशीन आलं आणि काम गेलं. काकांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. ब्रश धुऊन ठेवले आणि मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागले.

भिवंडीहून आल्यावर वही घेऊन बसले. चोवीस बाय छत्तीसच्या चित्राला मला काय पडतं? चांगल्या लाकडाचा स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची चौकट, त्यावर सुती कॅनव्हास, जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात. रंग कलाकार-दर्जाचे घ्यावे लागतात, विद्यार्थी-दर्जाच्या ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. त्यातही कोबाल्ट निळा आणि कॅडमियम लाल यांच्या छोट्या ट्यूबची किंमत ऐकून क्लासच्या मुलांचे डोळे मोठे होतात. जवसाचं तेल, टर्पेंटाईन, ब्रश. फ्रेम हवी असेल तर ती वेगळी. हे सगळं धरून, माझा एक पैसा न लावता, बेरीज त्या कॅटलॉगमधल्या किमतीच्या पुढे जात होती. डिझायनरचं कमिशन त्याच्याही वर. म्हणजे मी फुकट रंगवलं तरी त्या रेटच्या जवळपास येत नव्हते. ही बेरीज करून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं. हरण्याची भीती ज्या शर्यतीची होती, तिच्यात मी कधी उभीच नव्हते.

तरी एक पावसाळाभर उलट करून बघितलं, कारण नुसत्या वहीवर विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही. अ‍ॅक्रेलिक घेतलं, लवकर वाळतं म्हणून. तयार कॅनव्हास घेतले, नाइफने भराभर अमूर्त पट्टे ओढले, दर उतरवला. विकली गेली, नाही असं नाही. पण हिशेब केला तेव्हा तासाला क्लासच्या फीपेक्षा कमी सुटत होते. वर एका बाईंनी फोन केला, "तुमच्याकडे यातच जांभळा आहे का? आमचे पडदे बदललेत." त्या दिवशी मी ते पट्टे बंद केले. सात घोडे मात्र एका ओळखीच्या काकूंसाठी रंगवले, कारण त्यांना वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलं होतं आणि त्या ऐकत नव्हत्या. घोड्यांचं तोंड घराच्या आत हवं, दारातून बाहेर पळताना दिसता कामा नयेत, लगाम नको, पाठीमागे उगवता सूर्य. घोडे बरे जमले. काकूंनी सांगितलं की घरात पैसा टिकायला लागलाय. माझे मात्र दोन हप्त्यांत दिले.

मध्यंतरी सरकारने हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, सप्टेंबर २०२५ मध्ये. ओळखीतल्यांनी अभिनंदनाचे मेसेज पाठवले. वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही, आणि चाळीस लाख हा आकडा मी फक्त फ्लॅटच्या जाहिरातीत बघितलाय. शिवाय हाताने काढलेलं चित्र म्हटल्यावर दाफेनहून आलेल्या बुद्धालाही तोच दर.

कामाला वेगळं वळण लागलं ते क्लासमुळे. इंटरमिजिएटला बसलेल्या एका मुलीचे आजोबा तिला सोडायला यायचे. आयुष्य वरळीच्या बीडीडी चाळीत गेलेलं. या चाळी इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना एकेक खोली, १६० चौरस फुटांची. त्या पाडून टॉवर होताहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या. आजोबांच्या घरचे त्यात होते. ते मला म्हणाले, "बाई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मोकळी भिंत आलीय. सून म्हणते घोडे लावू. मला आमचा बोळ पाहिजे."

त्यांची चाळ तेव्हा पाडून झालेली. फोटो होते, पण लग्नाचे, बारशाचे, दहीहंडीचे. माणसं पुढे आणि चाळ मागे कुठेतरी पुसट. सगळ्या इमारती एकाच नकाशाच्या, म्हणून जवळच अजून उभ्या असलेल्या एका चाळीत बसून काम करायचं ठरलं. आजोबांनी तिथल्या ओळखीने परवानगी काढली.

बोळात चित्र काढायला बसणं म्हणजे काय, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. दिवसाही अंधार, आणि दोन्ही टोकांना जाळीतून येणारा पांढरा झोत. फोनवर फोटो काढला की एक तर खिडकी पांढरीफटक पडते किंवा दारं काळीठिक्कर. डोळ्याला मात्र दोन्ही दिसतं, थोडा वेळ थांबलं तर. दाराबाहेरची पिंपं, चपलांच्या रांगा, भिंतीवरून गेलेल्या केबलच्या गुंतवळी, आणि फरशीवर उजेडाची पडलेली चमक, जी प्रत्येक दारापाशी तुटते. मी छोट्या कागदांवर तेलरंगातच अभ्यास करत होते. मागे माणसं जमायची.

"ताई, ते पिंप निळं नाही, हिरवं होतं."

"अहो, ते यांचं पिंप. त्या आजोबांच्या चाळीतलं काढतायत."

"मग त्यांच्या चाळीत नळाचा कोपरा या बाजूला नव्हता."

एक आजी तर स्टूल घेऊन शेजारीच बसल्या आणि कोणत्या दारात कोण बसायचं ते सांगत राहिल्या, दुसऱ्या चाळीतलं असूनही. त्यांची बहीण तिथे दिलेली होती.

आजोबांकडे अभ्यास घेऊन गेले तेव्हा घरात वादच पेटला. त्यांच्या भावाच्या मते दार तपकिरी होतं. आजोबा म्हणत, ते नंतर, गिरणी संपाच्या वर्षी नव्हे, त्याच्याही पुढे. आधी पोपटीच होतं. आत्याबाई फोनवरून तिसराच रंग सांगत होत्या. शेवटी दार पोपटी ठेवलं आणि खालच्या कडेला, जिथे पायाने ढकलून रंग गेलेला असतो, तिथे तपकिरी दाखवला. यावर दोघेही भाऊ गप्प झाले. बोळाच्या टोकाशी एक मूल काढावं की काढू नये यावरही चर्चा झाली. मी नाही काढलं. असली मुलं फार चित्रांत बघितली आहेत.

किंमत सांगायची वेळ आली तेव्हा घसा कोरडा पडला, कारण सूनबाईंच्या फोनवर घोड्यांचा दर मी बघितला होता. आजोबांनी आकडा ऐकला, पेन्शनचा हिशेब केला आणि तीन हप्त्यांत देतो म्हणाले. मापही त्यांनीच ठरवलं, भिंतीवर सुतळी लावून. घासाघीस केली ती फ्रेमवर. सागवानी पाहिजे होती, पण दर सुताराचा.

त्यानंतर कामं आली ती अशीच, एकाकडून दुसऱ्याकडे. परळचं एक घर, गिरगावातली पाडायला काढलेली चाळ, माझगावच्या एका बंगल्याचा जिना, नायगावचा एक गाळा जिथे तीन पिढ्या पिठाची गिरणी होती. डिझायनर यात कुठेच नाही. ही माणसं चित्र विकत घ्यायचं म्हणून निघालेली नसतात. त्यांची एक विशिष्ट जागा जाणार असते किंवा गेलेली असते. सोफ्याचा रंग आजवर कोणीही विचारलेला नाही, एकाने तर सोफाच हलवला.

फोटोवरून तैलचित्र करून देणारे ऑनलाईन आहेतच, मला कल्पना आहे. फोन करून फोटो पाठवा, दाफेनमधलाच कोणीतरी रंगवून देतो. माझ्याकडे आलेल्या दोघांनी आधी तिथे करून बघितलं होतं. एकाचं चित्र मला दाखवलं. काम साफ होतं, पण फोटोत जी जागा फ्लॅशने जळाली होती ती चित्रातही जळालेलीच. देवघराच्या जागी पांढरा डाग. रंगवणाऱ्याची काय चूक? तिथे देवघर आहे हे त्याला सांगणार कोण. मी मात्र विचारू शकते आणि मला उत्तर देणारी माणसं कुर्ला, परळ, वरळीत लोकलच्या अंतरावर आहेत. याचे पैसे मिळतात. भरपूर नाही, क्लास अजून चालू आहेत. पण दर सांगताना आता घसा कोरडा पडत नाही.

एक गोष्ट या कामात शिकावी लागली, ती इतर चित्रकारांनाही सांगते, कारण बहुतेकांना ठाऊक नसते. एरवी चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा, तो हयात असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं. पण १९५७ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे कोणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढवून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो काढवून घेणारा. मी आता बिलावर एक ओळ लिहिते, 'या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील', आणि खाली दोघांच्या सह्या. बहुतेक लोक सही करतात. वरळीच्या आजोबांनी केली नाही. "माझा बोळ दुसऱ्याच्या हॉलमध्ये नको," म्हणाले. ती ओळ मी त्यांच्यासमोर खोडली.

आणि आयात चित्रांशी माझा संबंध तुटला असंही नाही. उलट दर पावसाळ्यात वाढतो. ही चित्रं येतात भेंडोळ्यात आणि इथे स्वस्त पाइनच्या चौकटीवर स्टेपल मारून ताणली जातात. चांगल्या स्ट्रेचरच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला की पाचर हलकेच ठोकायची, पुन्हा ताण येतो. या चौकटींना पाचरीच नसतात. जूनमध्ये लाकूड फुगतं, जुलैत कॅनव्हासला पोट सुटतं, ऑगस्टमध्ये ओल आलेल्या भिंतीवरच्या चित्राच्या पाठीवर बुरशी धरते. मग तोच डिझायनर फोन करतो, "ताई, पार्टीचा बुद्ध लोंबतोय." मी जाऊन स्टेपल काढते, पाठ कोरडी करून साफ करते, नवा स्ट्रेचर घालते, पाचरी बसवते आणि भिंत नि चित्र यांच्यात हवा खेळावी म्हणून मागे बुचाचे तुकडे चिकटवते. त्याचे पैसे चित्राच्या किमतीच्या आसपास जातात. लोक कुरकुर करत देतात, कारण एव्हाना त्यांना तो बुद्ध आवडायला लागलेला असतो. दर पावसाळ्यात असे काही बुद्ध माझ्या हॉलमध्ये पंख्याखाली वाळत असतात आणि क्लासच्या मुलांना त्यांच्या नाकांची तुलना करायला लावते.

या दुरुस्त्यांमुळेच भिवंडीचा मालक पुन्हा भेटला. त्याला मुंबईची चित्रं हवी आहेत. पॅरिसची छत्री लोकांना जुनी झाली म्हणे, आता 'लोकल थीम'ला मागणी आहे. माझी भाऊच्या धक्क्यावरच्या पहाटेच्या होड्यांची चित्रं त्याने बघितली होती. ती मी कोणाच्या सांगण्यावरून काढलेली नाहीत, त्यामुळे कॉपीराइट निर्विवाद माझा. त्याचं म्हणणं, चांगले फोटो द्यावेत, एकरकमी पैसे घ्यावेत, तो तिकडून शेकड्याने काढवून आणेल. रक्कम वाईट नव्हती. आठवडाभर घरात कोणाला सांगितलंही नाही.

मग मी कळवलं की एकरकमी नको, प्रत्येक प्रतीमागे टक्केवारी द्या. तो हसला. "मॅडम, मोजणार कोण? तुम्ही भिवंडीला बसणार?" मी म्हटलं, कंटेनरची कागदपत्रं असतात ना, त्यात नग लिहिलेले असतात. यावर तो हसायचा थांबला. बोलणी तिथे अडली, पण तुटली नाहीत, कारण परवा त्याचाच फोन आला. टक्केवारीवर विचार करतोय म्हणाला. मी सांगितलं, अजून एक अट आहे. प्रतींवर माझी सही नको, त्या माझ्या हातच्या नाहीत.

"अरे मॅडम, सही तर पाहिजेच. मराठी नावामुळेच विकली जातील. तिकडचे लोक सहीपण एकदम सेम करतात."

सहीचे वेगळे पैसे पडतील आणि ते आगाऊ, असं मी सांगून ठेवलंय. पार्टनरशी बोलून कळवतो म्हणाला.